हलका हात

ब्लाउजची उजवी बाही दंडाला रुतायला लागली तेव्हा पद्मजा मगदूमनं आधी शिंप्याला दोष दिला, मग कपडे धुण्याच्या यंत्राला. तिसऱ्या ब्लाउजनंही तीच तऱ्हा केली तेव्हा मात्र ती आरशासमोर उभी राहिली. दोन्ही हात पुढं धरून पाहिले, आणि उजव्या मनगटाच्या जरा वर डाव्या अंगठ्यानं दाबलं. अंगठा उचलल्यावर तिथं खळगा राहिला. तो भरून यायला किती वेळ लागतो ते ती मोजत बसली. अकरा सेकंद लागले. बावीस वर्षं दुसऱ्या बायकांच्या हातांवर हेच मोजण्यात गेली होती, त्यामुळे अकरा सेकंदांचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी ती स्वतःलाच समजावू लागली, अगदी नव्या रुग्णाला सांगावं तसं. बघा बाई, रक्ताला ढकलायला हृदय आहे. पण पेशींच्या फटींत झिरपलेलं पाणी गोळा होऊन परत रक्तात जातं ना, ज्याला आम्ही लसिका म्हणतो, त्याला कुणी वाली नाही. केसाहून बारीक नळ्यांतून, श्वासाच्या आणि हालचालीच्या आधारानं ते आपलं आपण सरकत असतं. हाताकडून येणारं सगळं पाणी काखेतल्या गाठींतून पुढं जातं. स्तनाच्या कर्करोगात त्या गाठी काढाव्या लागतात, उरल्यासुरल्या किरणांनी सुकतात. रोग जातो, पण वाट बुजते. पाणी हातातच तुंबतं. कधी सहा महिन्यांनी, कधी सहा वर्षांनी. पद्मजाच्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी.

यावर गोळी नाही. मिरजेच्या त्या कर्करुग्णालयात पद्मजा जो उपाय करायची तो हाताचा होता, आणि तो बघणाऱ्याला उपाय वाटायचाच नाही. दाबणं नाही, चोळणं नाही. त्या नळ्या कातडीच्या लगेच खाली असतात, जोर दिला की मिटून जातात. म्हणून ओल्या पापडाला हात लावावा इतक्या हलक्या बोटांनी कातडी जराशी ताणायची आणि सोडून द्यायची. तीही हातापासून नव्हे, मानेजवळच्या खळग्यापासून सुरू करायची. आधी पुढची वाट मोकळी करायची, मग मागचं पाणी तिकडं वळवायचं. पन्नास मिनिटं हे असं चालायचं. नव्या बायका पहिल्या दिवशी हमखास विचारायच्या, "सुरू कधी करणार?" आणि तिसऱ्या दिवशी त्यांची अंगठी परत बोटात जायची.

विजापूरपासून कराडपर्यंतच्या बायका तिच्याकडं येत. म्हणूनच आठ वर्षांपूर्वी पुण्याची एक कंपनी तिचा पत्ता काढत आली. त्यांनी तिला कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ हातमोजे दिले आणि वर्षभर ते घालून काम करायला सांगितलं. तीनशे तासांत तिच्या बोटांनी कुठं, किती, केव्हा ताण दिला हे सगळं त्या मोज्यांनी टिपून घेतलं. मग एक बाही तयार झाली. दिसायला साधी, मऊ कापडाची, खांद्यापासून बोटांपर्यंत येणारी, वर मानेवर आणि छातीवर पसरणारा एक पट्टा. कापडात अकराशे धागे असे होते की बारीकसा विद्युतप्रवाह गेला की स्नायूसारखे आकसायचे. धाग्यांमधले संवेदक कातडीखालच्या पाण्याचा अंदाज घेत राहायचे. बाही कुठल्याही हातात चढायची आणि कुठल्याही गावात चालायची. जतच्या बाईला मिरजेला तीन तासांची खेप करायला नको. चाळीस हजार बायकांनी ती घातली. पद्मजाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवर एक पाटी मिळाली.

नोकरी गेली नाही, हेही सांगायला हवं. तिला बाही वाटपाच्या खिडकीत बसवलं. हाताचं माप यंत्र घ्यायचं. पद्मजा खोका पुढं सरकवायची आणि म्हणायची, "सूचना आत आहेत." पाच वर्षांत तिनं कुणा रुग्णाच्या हाताला हात लावला नव्हता.

डॉ. इरफान बागवान शिकाऊ होता तेव्हा पद्मजानंच त्याला खळगा मोजायला शिकवलं होतं. आता तो विभागप्रमुख होता. त्यानं पडद्यावरची चित्रं बघितली, मग तिच्याकडं.

"मॅडम, तुमच्यापासून काय लपवू? आत्ता पाणी आहे. तीन महिने तसंच राहिलं तर तिथं तंतू धरतील, हात लाकडासारखा होईल. मग बाहीचाही इलाज चालत नाही. आणि तुमच्या बोटांची जाण..." त्यानं वाक्य अर्धंच सोडलं.

पद्मजानं उजव्या हाताची बोटं उघडून मिटून पाहिली. डोळे मिटून नुसत्या स्पर्शानं पाणी कुठं अडलंय ते सांगणारी ती बोटं होती. त्यांचा आता कुणाला उपयोग नव्हता हे खरं, पण तिच्याजवळ दुसरं होतं काय?

"कुणाच्या हातानं करता येईल का रे, इरफान? बाही नको."

"कुणाच्या? तुम्हीच सांगा." तो कुत्सितपणे नाही, खरोखरच विचारत होता. "तुम्ही चौघींना शिकवलंत. रेश्मा मस्कतला म्हातारी माणसं सांभाळते. दोघींची पार्लरं आहेत. चौथी विमा विकते. अभ्यासक्रम बंद झाल्याला पाच वर्षं झाली. हातानं करणारी माझ्या माहितीत एकच बाई आहे, आणि तिला स्वतःच्या उजव्या हातावर दोन्ही हात चालवता येणार नाहीत."

ती तिच्याच खिडकीत गेली आणि स्वतःच्या नावानं एक खोका काढला. सूचना आत होत्या.

घरी येऊन तिनं बाही चढवली, पट्टा लावला आणि पलंगावर पडून वाट पाहिली. पन्नास मिनिटं झाली. बाहीनं घंटी वाजवली आणि कळवलं की आजचा उपचार संपला. पद्मजाला वाटलं, सुरूच झाला नव्हता. तिला काही जाणवलंच नव्हतं. कापड अंगाला असल्याचं तेवढं कळत होतं, बाकी काही नाही. तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली. तिसऱ्या दिवशी दंडावर डावा तळवा ठेवून पाहिलं, तर आत धागे शिस्तीत हलत होते. म्हणजे यंत्र ठीक होतं. आठवड्यानं माप घेतलं तर सूज दोन मिलिमीटरनं उतरलीही होती. पण ज्या बाहीबद्दल बायका खिडकीशी येऊन डोळे पुसत पुसत बोलायच्या, ती तिच्या अंगावर मुकी होती.

तिनं पुण्याला फोन लावला. बाहीचं काम आता ओवी साठ्ये नावाची मुलगी बघायची.

"मॅडम, तुम्ही स्वतःला गुदगुल्या करून बघितल्यायत कधी?" ओवीनं सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं.

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही हो. होत नाहीत ना? कारण आपला हात कुठं लागणार हे मेंदूला आधीच माहीत असतं. ज्याचा अंदाज आहे त्याच्याकडं तो लक्षच देत नाही. अनोळखी स्पर्श झाला की मात्र कान टवकारतो. आता बाहीत कोण आहे? तुम्ही. तीनशे तास तुमचीच लय. पुढची हालचाल कुठली, किती, हे तुमच्या हाडीमांसी मुरलेलं आहे." तिला स्वतःच्याच तर्काचं कौतुक वाटत होतं, आणि ते लपवायचं तिच्या लक्षात आलं नाही. "चाळीस हजार बायकांना तो दुसऱ्या कुणाचा तरी हात वाटतो. जगात फक्त तुम्हालाच तो तुमचा वाटणार. माझा आपला अंदाज हं. असा रुग्ण आम्हाला दुसरा मिळणारच नाही."

"मग माझ्यापुरती लय बदलून दे."

"बदलून बघितलंय आम्ही, पूर्वीच. सूज उतरणं निम्म्यावर येतं. तुमच्या हातासारखं दुसरं काही चालत नाही." मग जरा थांबून, "पण मॅडम, काम तर करतेय ना ती? जाणवलं नाही म्हणून काय बिघडतं?"

ओवी एकोणतीस वर्षांची होती. तिच्या मागून तिची आई चहा गार होतोय म्हणून हाका मारत होती, आणि कुणीतरी जाता जाता तिच्या डोक्यावर टपली मारल्याचा आवाजही फोनमधून आला.

काय बिघडतं, याचा पद्मजा पुढं बराच विचार करत बसली. आई गेल्याला तीन वर्षं झाली होती. शेवटची दोन वर्षं आईला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं सगळं तिनंच केलं, आणि आई जाता येता तिचा गाल कुरवाळायची. त्यानंतर भाऊ बंगळुरूला, त्याचा रविवारी फोन. शस्त्रक्रियेच्या वेळी वहिनी आली होती, तिनं निघताना मिठी मारून पाठीवर दोनदा थोपटलं. रक्त यंत्रानं काढलं, टाके यंत्रानं तपासले, किरण तर दारं बंद करूनच देतात. वहिनीचं ते दोनदा थोपटणं सोडलं तर तीन वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. आजारपणात माणसाभोवती माणसं जमतात असं ती समजून चालली होती. तिच्याभोवती चांगली यंत्रं जमली होती, आणि त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला जागा नव्हती.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. फराळाचा रिकामा डबा परत द्यायला मालनमावशी वर आली.

मालन इमारतीच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची. सत्तरी गाठलेली, ठेंगणी, हातभर हिरव्या बांगड्या. बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावून न्हाऊ घालणं हा तिचा जन्माचा धंदा. दार उघडताना पद्मजाच्या खांद्यावरची ओढणी घसरली आणि मावशीचं लक्ष दंडावर गेलं.

"अगं आई! काय ओ बाई ह्यो हात?"

"सूज आहे, मावशी. ऑपरेशननंतर येते अशी."

"आन् तुमी नुसत्या बघत बसलाय त्याच्याकडं? तेल हाय का घरात?"

रुग्णालयाच्या बोळात एक तक्ता आहे. पद्मजाच्याच अक्षरात, लाल शाईनं: तेल नको, शेक नको, रगडणं नको. ऊब दिली की रक्तातून आणखी पाणी झिरपतं, रगडलं की नळ्या मिटतात, आणि ताणलेल्या कातडीला साधा ओरखडा उठला तरी जंतू आत शिरतात. आयाबायांच्या मायेनंच सर्वांत जास्त हात बिघडतात, असं ती प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना बजावायची. नणंदा, सासवा, शेजारणी, सगळ्या हात सुजलेला दिसला की तेलाची वाटी घेऊन बसतात, कारण दुखणाऱ्या अंगाला आपल्याकडं दुसरं काही करायचं असतं हेच कुणाला ठाऊक नाही.

हे सगळं सांगायला पद्मजानं तोंड उघडलं. तेवढ्यात मावशीनं तिचं मनगट धरलं.

खरखरीत, गरम, ओव्याचा वास असलेला हात होता तो. कुठं जाईल, किती दाबेल, याचा पद्मजाला काडीचाही अंदाज नव्हता. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

"लई दुखतंय व्हय?"

"नाही."

"मग रडताय कशापायी?"

"तेल स्वयंपाकघरात आहे," पद्मजा म्हणाली. "खालच्या फळीवर."

त्या दिवसापासून मावशी रोज दुपारी यायला लागली. तेल कोमट करायची, पद्मजाचा हात मांडीवर घ्यायची आणि मनगटापासून खांद्यापर्यंत असा रगडायची की पलंग करकरायचा. पद्मजाच्या शास्त्रात जे जे वर्ज्य ते सगळं एका बैठकीत व्हायचं. आणि बोलणं अखंड चालू. आता पोरी बाळंत होतात त्या दवाखान्यातच, तिथं गरम गादी असती म्हणं, तीच बाळाला हलवती, तीच चोळती. मावशीकडं दोनच घरं उरली होती. "सहाशेच्या वर पोरं न्हाणली असतील बगा मी. एकाचंबी डोस्कं वाकडं न्हाई. आन् आता सुना म्हणत्यात, मावशी, तुमचा हात जड हाय." मग पद्मजाच्या हाताकडं बघून म्हणायची, "तुमच्या अंगात लई गारठा भरलाय बाई. काडते मी."

इकडं बाहीचं काय करायचं हा प्रश्न होता. तिचे आकडे रोज रुग्णालयात जायचे. उपचार चुकला की इरफानचा फोन यायचा. पद्मजानं त्यावर तोड काढली. सकाळी ती बाही डाव्या, धडधाकट हातावर चढवायची. बाही बिचारी पन्नास मिनिटं निरोगी हाताची सेवा करायची आणि कळवायची: प्रगती उत्तम. तीन दिवसांत इरफानचा निरोप आला, "मॅडम, विक्रमी सुधारणा! अभिनंदन." तो वाचून पद्मजाला हसू आलं, आणि एकटीनं हसल्याचा आवाज घरात फारच मोठा वाटला.

खळगा ती मोजत होती. चौथ्या दिवशी चौदा सेकंद. सातव्या दिवशी एकोणीस. आज मावशीला सांगायचं असं ती रोज सकाळी ठरवायची. दुपारी बांगड्यांचा आवाज जिन्यात ऐकू आला की तिला वाटायचं, उद्या सांगू. आठव्या दिवसापासून तिनं मोजणंच सोडून दिलं. आपण मूर्खपणा करतोय हे तिला पुरतं कळत होतं. भुकेल्या माणसाला पथ्य कळत नाही असं नसतं.

बाराव्या दिवशी सकाळी ती हुडहुडी भरून जागी झाली. हात लालबुंद, निखाऱ्यासारखा तापलेला. कोपराखाली एक बारीक ओरखडा होता, आदल्या दुपारी मावशीची पिचलेली बांगडी लागली होती तो. तिनं डाव्या हातानं इरफानला फोन लावला आणि मग दाराची कडी काढून ठेवली, कारण कडी उघडायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

रुग्णालयात आणल्यावर इरफाननं हात पाहिला आणि हुंगला.

"तेल? मॅडम, तेल? आणि बाहीचे आकडे?" मग त्याची नजर तिच्या डाव्या दंडावर गेली. तिथं बाहीच्या शिवणीचा वळ होता. "दुसऱ्या कुणी बाईनं हे केलं असतं तर तुम्ही तिला काय म्हणाला असता?"

"घरी तुम्हाला कुणी समजावणारं नाही का, असं विचारलं असतं," पद्मजा म्हणाली.

त्यानं सिस्टरला हाक मारली. औषधं शिरेतून सुरू केली, ताप उतरेपर्यंत बाही बंद. पंजाला सूज अशी चढली होती की करंगळी आणि अनामिका तिला वेगळ्या जाणवत नव्हत्या.

संध्याकाळी मालनमावशी पेजेचा डबा घेऊन आली. वॉर्डाच्या दारातच सिस्टरनं तिला हटकलं, आणि तेलाची हकिगत तोवर सगळीकडं झाली होती.

"त्या तेलवाल्या तुम्हीच का? हात जायची वेळ आली होती बाईंच्या! त्यांना विचारून तरी बघायचं. अहो, सगळ्या जिल्ह्याला त्या शिकवायच्या, हाताला तेल लावू नका म्हणून."

मावशी पलंगाजवळ आली. डबा कपाटावर ठेवला. तिनं आधी हाताकडं बघितलं आणि मग पद्मजाकडं.

"तुमास्नी ठावं व्हतं?"

पद्मजानं डाव्या हातानं चादर उजव्या हातावर ओढली.

"मला अडाणीला न्हाई कळलं. पर तुमी तर ह्याच कामातल्या. बोलला का न्हाई ओ मग?"

सांगायला एवढंसं होतं. पण सिस्टर उभी होती, शेजारच्या खाटेवरची बाई कान देऊन ऐकत होती, आणि 'मला कुणीतरी हात लावायला हवा होता' हे वाक्य त्रेपन्नाव्या वर्षी, शाल-श्रीफळ मिळालेल्या बाईनं भर वॉर्डात कसं म्हणायचं? पद्मजानं मान भिंतीकडं वळवली. बांगड्यांचा आवाज दारापर्यंत गेला आणि बंद झाला. पेज तशीच राहिली.

ताप पाचव्या दिवशी उतरला. बाही पुन्हा आली, आता उजव्या हातावर. इरफाननं स्वतः चढवली आणि निघताना म्हणाला, "प्लीज, मॅडम." शेजारच्या खाटेवरही एक बाही चालू होती. जतकडच्या शांतव्वा होत्या त्या, दोन्ही मुलं परगावी. उपचार सुरू झाला की डोळे मिटायच्या आणि चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या सैल पडायच्या.

"ह्यात कुणीतरी हाय बगा," त्या एकदा म्हणाल्या. "यंत्र म्हंत्यात, पण नव्हं. कुणीतरी मायाळू बाई हाय. मी बोलते तिच्यासंगं. तुमाला न्हाई वाटत तसं?"

"वाटतं ना," पद्मजा म्हणाली.

तिच्या हातावर तीच बाही त्याच लयीत चालू होती. तिला आपलं कापड तेवढं कळत होतं. आपण केलेली माया चाळीस हजार घरांत पोचली आणि आपल्या वाट्याला त्यातली टिचभरही येऊ नये, याचं तिला त्या दिवशी इतकं वाईट वाटलं की शांतव्वांचा तिला राग आला. मग स्वतःचीच लाज वाटली, आणि त्यांच्या अंगावरून घसरलेली शाल तिनं डाव्या हातानं वर ओढून दिली.

हात वाचला. बाही रोज दोन वेळा घालायची, चुकवायची नाही, असं पद्मजानं कबूल केलं होतं आणि ते पाळलंही. सकाळी पन्नास मिनिटं, संध्याकाळी पन्नास. ती पडून छताकडं बघायची. फेब्रुवारीअखेर खळगा तीन सेकंदांत भरून यायला लागला, ब्लाउज पुन्हा चढले. करंगळी आणि अनामिका मात्र बोथटच राहिल्या. इरफान म्हणाला, त्या आता तशाच राहतील, पण बाकी हात झकास आहे, सहा महिन्यांनी दाखवा. पद्मजा बरी झाली होती. बऱ्या झालेल्या माणसाकडं कुणी येण्याचं कारण नसतं.

मालन त्यानंतर जिना चढली नव्हती. एकदा समोरून आली तर पाण्याची कळशी घेऊन मागं वळली. मार्चमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या सुनंदा चौगुले पद्मजाला लिफ्टमध्ये भेटल्या. त्यांच्या लेकीला मुलगी झाली होती.

"मालनला बोलावलं हो पोरीला न्हाऊ घालायला. आली नाही. म्हणाली, माझ्या हाताला गुण नाही, मी सोडलं ते काम. तिच्या राहिलेल्या दोन घरांनाही तेच सांगितलं म्हणे. काय झालं तिला कुणास ठाऊक!"

काय झालं ते पद्मजाला ठाऊक होतं. ती घरी गेली, बाही हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. जन्मभर तिनं इतरांचे हात बरे केले असं लोक म्हणायचे. आणि आपण गप्प बसून, एका बाईचे दोन हात जागच्या जागी मारून टाकले. त्यापुढं स्वतःच्या दोन बोटांचं काय एवढं मोठं?

ती तीन जिने उतरून मागच्या खोल्यांकडं गेली. मालन उंबऱ्यात बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. पद्मजाला बघून तिनं हात पदराखाली घेतले.

"हात बरा झाला, मावशी."

"दिसतंय की. देवानं राखलं."

"तुमची चूक नव्हती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेल नको, रगडणं नको, हे मीच लोकांना शिकवलंय. तुम्हाला एका शब्दानं बोलले नाही."

"त्येच तर इचारलं मी तुमास्नी तवा." मालनचा आवाज चिडका झाला. "चार महिनं झोप न्हाई मला. वाटतंय, अजून कुणाकुणाचं वाट्टोळं केलं असंल ह्या हातानं. सहाशे पोरं, बाई. एकेकाचं त्वांड आठवतंय. का न्हाई बोलला?"

पद्मजा पायरीवर बसली. समोर बोळात कुणी नव्हतं, पण असतं तरी तिनं आज सांगितलं असतं.

"बोलले असते तर तुम्ही यायच्या थांबला असता," ती म्हणाली. "माझ्या अंगाला कुणी हात लावून तीन वर्षं झाली होती, मावशी. मला हात बरा नको होता. मला तुम्ही यायला हवं होतं."

मालननं शेंगांचं सूप कोपरानं बाजूला सरकवलं. मग तिनं नाक ओढलं.

"येडी का काय तुमी? शिकलेल्या म्हणायच्या आन् हे असलं!"

"हो."

"त्या हाताला मी आता बोटबी लावणार न्हाई. सांगून ठिवते."

"नका लावू."

पद्मजानं सूप पुढं ओढून उरलेल्या शेंगा सोलल्या. ऊन उंबऱ्यावरून सरकून अंगणात गेलं. पद्मजा उठायला लागली तेव्हा मालन दुसरीकडंच बघत म्हणाली, "तीन जिनं उतरून आला. पाय तर दुखत असतील तुमचं?"

पद्मजाचे पाय मुळीच दुखत नव्हते.

"दुखतायत," ती म्हणाली. "फार दुखतायत. पण तुम्ही मोठ्या, मावशी. तुमच्या मांडीवर पाय कसे देऊ?"

"सहाशे बाळंतिणींनी दिलं ते काय मला इचारून?" मालननं पदराखालचे हात बाहेर काढले आणि ते जरा वेळ बघितले. मग पद्मजाची चप्पल काढून बाजूला ठेवली, तिची टाच धरली आणि पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला.